गाणाऱ्या पेटीचे चार स्क्रू

मंडळी, आज मी तुमच्यापुढे एक अगदी साधा प्रश्न ठेवणार आहे. तुमच्या घरात गाणे वाजविणारी जी काही वस्तू असेल, मग तो रेडिओ असो, टेपरेकॉर्डर असो की खिशात मावणारा लहानसा प्लेअर असो, ती उलटी करून पाहा आणि तिला स्क्रू किती आहेत ते मोजा. हसू नका. या स्क्रूंच्या मागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपल्या कोल्हापूरकडच्या माणसांचाही वाटा आहे.

हा प्रश्न मला सुचला तो एका कपाटामुळे. वारणानगरजवळच्या एका शाळेत मी शिकवतो. वारणानगर म्हटले की तुम्हांला तात्यासाहेब कोरे आठवतात, साखर कारखाना आठवतो आणि शिस्तीत बसून वाद्ये वाजविणाऱ्या मुलांचा तो बालवाद्यवृंद आठवतो. गाण्याबजावण्याची आवड या मातीत आहे. आमच्या शाळेचे जुने कपाट आवरताना मला पत्र्याचा एक डबा सापडला. त्यात अकरा कॅसेटी होत्या. माझ्या आधीच्या एका गुरुजींनी गावातल्या म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या त्यांवर घेतल्या होत्या. त्या बायकांपैकी आज एकही हयात नाही.

अकरांपैकी तीन कॅसेटींना बुरशी लागून फीत चिकटून गेली होती. पण काळजी नव्हती, कारण काही वर्षांपूर्वी शाळेने एक नवा, चकचकीत, काडेपेटीएवढा प्लेअर घेतला होता आणि साऱ्या ओव्या त्यात उतरवून ठेवल्या होत्या. मी तो प्लेअर आणि शाळेचा जुना टेपरेकॉर्डर असे दोन्ही घेऊन बाजाराच्या दिवशी मिस्त्रीकडे गेलो. टेपरेकॉर्डरचे चार स्क्रू त्याने काढले, आत डोकावला आणि म्हणाला, "मास्तर, पट्टा गेलाय फकस्त. बसा, च्या घ्या." चहा संपायच्या आत यंत्र चालू झाले. मग त्याने तो प्लेअर हातात घेतला. इकडून पाहिला, तिकडून पाहिला. बॅटरी आत फुगली होती, पाठ फुगीर झाली होती. शेवटी तो म्हणाला, "ह्येला तोंडच न्हाई हो. उघडायचं कुठनं?"

तीन कॅसेटींवरचे आवाज त्या बिनतोंडाच्या डबीत अडकले आहेत. चाळीस वर्षांचे यंत्र उठून बसले आणि दहा वर्षांचे मेले, असे का व्हावे? चला, मागे जाऊन पाहू.

अमेरिकेत एडिसनने १८७७ साली बोलणारे यंत्र केले, आणि दहा वर्षांनी, १८८७ साली, बर्लिनर याने सपाट तबकडीची युक्ती काढली. आपल्याकडे ग्रामोफोन कंपनीची माणसे मुद्रणासाठी आली ती १९०२ साली, कलकत्त्याला. पुढे १९०८ साली तिथेच सियालदहला तबकड्यांचा कारखाना निघाला. तबकडीला लागणारी लाख आपल्याच रानातली.

हा ग्रामोफोन खेड्यात रुजला याचे कारण त्याला वीज लागत नव्हती. चावी दिली की आतली स्प्रिंग ताणली जाई, ती सैल होता होता तबकडी फिरे, आणि गती कमीजास्त होऊ नये म्हणून लहान वजनांचा नियंत्रक असे. पिन तबकडीच्या खाचेतून धावे, तिचा कंप अभ्रकाच्या पातळ पडद्याला पोचे आणि पडदा बोलू लागे. एवढेच ते रहस्य. झाकण उचलले की सारे डोळ्यांना दिसे. स्प्रिंग तुटली तर घड्याळे दुरुस्त करणारा ती बसवी. पिन बोथट झाली तर घरचे पोर ती बदली. मोठा कर्णा जाऊन पेटीसारखी मिटणारी, हातात धरून नेता येणारी यंत्रे आली, तेव्हाही ही सोय कायम राहिली. गावोगाव फिरवता येणारी संगीताची पेटी ती हीच.

उघडून पाहण्याची ही वृत्ती आपल्या मुलखाला नवी नव्हती. इथून जवळच मिरजेला सतारी आणि तंबोरे होतात. ती कला ज्या घराण्यांत वाढली ते मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-बर्च्यांना धार लावणारे कारागीर. संस्थानी काळात शस्त्रांचे काम कमी झाले, तेव्हा त्यांनी वाद्ये दुरुस्त करायला घेतली आणि दुरुस्त करता करता ती घडवू लागले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँसाहेब गाण्याइतकेच वाद्यदुरुस्तीतही वाकबगार होते. त्यांचा आवाज तबकड्यांवर उतरला, म्हणून १९३७ साली ते गेल्यावरही आपण तो ऐकू शकतो. म्हणजे पाहा, जो दुरुस्त करतो तो हळूहळू घडवूही लागतो.

याचे मोठे उदाहरण कोल्हापुरात घडले. आनंदराव पेंटर आणि त्यांचे नातलग बाबूराव पेंटर, दोघेही चित्रकार. त्यांना सिनेमा काढायचा ध्यास लागला. विलायती कॅमेरा हाताशी नव्हता. म्हणून त्यांनी मुंबईहून सिनेमा दाखविण्याचे एक जुने यंत्र आणले, त्याचा एकेक भाग निरखला आणि त्यावरून कॅमेरा तयार करायला घेतला. १९१६ साली आनंदराव वारले. काम अर्धे राहिले. पण बाबूराव थांबले नाहीत. विष्णुपंत दामले यांच्या मदतीने त्यांनी तो कॅमेरा पुरा केला, आणि १९२० साली 'सैरंध्री' लोकांपुढे आला. हेच दामले पुढे प्रभात कंपनीत ध्वनिमुद्रणाचे काम पाहू लागले. आता विचार करा. ते जुने यंत्र जर चिकटवून बंद केलेले असते, उघडताच मोडणारे असते, तर कोल्हापूरचा कॅमेरा झाला असता का?

आणि कोल्हापूरची इंजिने? गुऱ्हाळांसाठी, पाण्यासाठी तेलाची इंजिने बाहेरून आली. ती बिघडत. त्यांचे भाग लवकर मिळत नसत. मग इथल्या मिस्त्र्यांनी ती उघडली, मोडका भाग पाहून तसाच ओतला, कानशीने घासून बसवला. भाग करता करता अख्खे इंजिन होऊ लागले. शिवाजी उद्यमनगरातल्या भट्ट्या आणि लेथ यांच्या मुळाशी ही दुरुस्ती आहे. दुरुस्ती हे गरिबाचे काम म्हणून तिला आपण हलके लेखतो. पण ती कारागिराची शाळाच असते.

आता पुन्हा गाण्याकडे वळू. ग्रामोफोननंतर खेड्यात रेडिओ आला. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन केली. त्या पाच जिल्ह्यांत कोल्हापूर होते. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, मंडळी संचाभोवती बसत, ऐकत, चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे धाडीत. पुढे देशभर अशी मंडळे निघाली ती या अनुभवावरून. परंतु संच बंद पडला की मंडळही बंद पडणार, हे उघड होते. काचेच्या व्हॉल्व्हचे ते जड संच, त्यांना लागणाऱ्या मोठ्या बॅटऱ्या! खेड्यातल्या रेडिओचा खरा कस लागे तो बॅटरी संपल्यावर.

मग ट्रान्झिस्टर आला. त्याचा शोध अमेरिकेत १९४७ साली लागला आणि १९५४ साली खिशात मावणारा पहिला रेडिओ तिथे बाजारात आला. आपल्याकडे तो घरोघर पोचला तेव्हा टपाल कचेरीतून त्याचा परवाना काढावा लागे, हे तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. गुराखी तो गळ्यात अडकवून रानात नेऊ लागला. बॅटरी म्हणजे विजेरीतलेच सेल, कोणत्याही दुकानात मिळणारे. मागचे झाकण उघडले की तांब्याच्या रेघांची पाटी दिसे. कितीतरी संचांच्या झाकणाला आतून जोडणीचा नकाशाच चिकटवलेला असे. तो नकाशा म्हणजे कारखानदाराने अनोळखी मिस्त्रीला लिहिलेले पत्रच म्हणा ना. "बाबा रे, मी इथे नाही, पण तुला अडचण येऊ नये." त्या नकाशांवर किती पोरे शिकली, किती जणांनी तालुक्याच्या गावी रेडिओ दुरुस्तीची दुकाने घातली!

यानंतरची गोष्ट कॅसेटची, आणि ती मोठी मौजेची आहे. फिलिप्स कंपनीचे लू ओटेन्स नावाचे एक डच अभियंता होते. मोठ्या चकत्यांच्या टेपयंत्राला ते कंटाळले होते. नवे यंत्र किती लहान असावे हे ठरवायला त्यांनी एक लाकडी ठोकळा केला आणि तो कोटाच्या खिशात बसतो का ते पाहिले. जेवढा ठोकळा, तेवढे यंत्र! पुढे गाडीचे चाक बदलताना जॅकखाली आधाराला तो ठोकळा ठेवला आणि तिथेच तो गेला, असे ते स्वतः सांगत. १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट जगापुढे आली. पण खरी महत्त्वाची गोष्ट त्यानंतर घडली. इतर कारखानदारांकडून हक्काचे पैसे न घेता फिलिप्सने ती त्यांना बनवू दिली. अट एवढीच, की मापे तीच पाळायची. यात जपानच्या सोनी कंपनीचा आग्रहही होता. परिणाम काय झाला? जपानची कॅसेट कोल्हापूरच्या यंत्रात बसू लागली. मापे साऱ्यांची झाली, म्हणून कॅसेट साऱ्यांची झाली.

१९७९ साली सोनीने वॉकमन काढला आणि माणूस चालता चालता एकट्याने गाणे ऐकू लागला. आपल्याकडे १९८०च्या दशकात कॅसेटींचा पूर आला. मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी संपली. पोवाडे, भजने, कीर्तने, भीमगीते, लोकगीते लहानलहान कंपन्या काढू लागल्या. ज्यांना तबकडीच्या काळात कोणी विचारले नव्हते अशांचे आवाज एसटी स्टँडवर वाजू लागले. फीत अडकली तर पेन्सिल घालून गुंडाळायची, तुटली तर चिकटवायची. हे आपण सर्वांनी केले आहे. ज्यांना खरोखर जतन करायचे होते त्यांनाही याच साधनाने बळ दिले. गी पॉइटवें आणि हेमा राईरकर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या कित्येक बायकांच्या आवाजात मुद्रित करून घेतल्या. आज तो ठेवा जगाला खुला आहे. आमच्या गुरुजींनी आपल्या परीने तेच केले होते, नाही का?

मग स्क्रू नाहीसे झाले कधी? जर्मनीतल्या संशोधकांनी आवाजाचे आकड्यांत रूपांतर करून तो थोड्या जागेत कोंबण्याची एमपीथ्री नावाची रीत काढली. २००१ च्या ऑक्टोबरात ॲपल कंपनीने आयपॉड आणला आणि हजार गाणी खिशात आली. केवढी सोय! ती नाकारण्यात अर्थ नाही. परंतु या नव्या यंत्रांत बॅटरी आत बंद झाली. लिथियमची बॅटरी काहीशे वेळा भरली आणि रिकामी झाली की तिची धारणशक्ती घटते, हा तिचा धर्मच आहे. बॅटरी मरणार हे ठाऊक असताना ती सहज काढता येणार नाही अशी बसवायची, म्हणजे यंत्राच्या जन्मपत्रिकेत मृत्यूची तिथी लिहून ठेवण्यासारखे झाले. अमेरिकेत याबद्दल ग्राहक कोर्टात गेले आणि २००५ साली कंपनीने तडजोड केली. २०२२ साली आयपॉडचे उत्पादनच थांबले.

कारखानदारांची बाजूही ऐकली पाहिजे. स्क्रू ठेवला तर जाडी वाढते, धूळ-पाणी आत शिरते, जोडणीला वेळ लागतो. डिंकाने काम झटपट होते आणि माल स्वस्त पडतो. हे खरेच आहे. पण स्वस्त कोणाला? पाच वर्षांनी दुसरा घ्यावा लागला तर तो स्वस्त कसा?

वारणेच्या परिसराला हा हिशेब ठाऊक आहे. १९९८ साली इथल्या ७० गावांत संगणक पोचविण्याची योजना निघाली. उसाची माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी हा हेतू. पुढे काही वर्षांनी, संगणक जुने होऊ लागले आणि त्यांची देखभाल जड जाऊ लागली तेव्हा, सात गावांत तीच माहिती मोबाईलच्या साध्या संदेशातून देण्याचा प्रयोग झाला. तो लोकांना मानवला. गावात यंत्र आणणे सोपे, ते चालू ठेवणे कठीण. म्हणून यंत्र निवडताना पहिला प्रश्न "हे काय काय करते?" असा नसावा. "बिघडले तर कोण नीट करील?" असा असावा.

आता एक आशेची बाजू. २००१ च्या अखेरीस स्वीडनमधल्या तीन तरुणांना आपल्या प्लेअरची आतली आज्ञावली पसंत पडेना. त्यांनी स्वतः नवी लिहिली आणि ती सर्वांना फुकट दिली. तिचे नाव रॉकबॉक्स. देशोदेशीच्या लोकांनी तिच्यात भर घातली, निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर ती बसवली. कंपनीने सोडून दिलेले प्लेअर तिच्यामुळे पुन्हा चालू लागले. आणि तिने एक असे काम केले की ऐकून बरे वाटते. तिच्यात यादी बोलून दाखविण्याची सोय आहे, म्हणून अंध माणूसही आपले गाणे आपण निवडू शकतो. वापरणाऱ्यांपैकीच कोणीतरी ही सोय केली.

याच्याही पुढचे पाऊल अलीकडे ऑस्ट्रेलियातल्या काही जणांनी टाकले आहे. त्यांच्या प्लेअरचे नाव 'टांगारा'. त्याचा विद्युत्-नकाशा, त्याच्या डबीची मापे, त्याची आज्ञावली असे सगळे त्यांनी प्रसिद्ध केले आहे. गाणी साठविण्याचे कार्ड बाहेर काढता येते. डबी स्क्रूने जोडलेली आहे. याला मुक्त स्रोत म्हणतात. शब्द नवा वाटेल, अर्थ जुनाच आहे. लाकडी नांगर कोणाच्या मालकीचा होता? कोणत्याही गावचा सुतार तो करी, मोडला तर सांधी, आपल्या जमिनीप्रमाणे त्यात फेरफार करी, आणि तो फेर शेजारच्या सुताराने पाहून उचलला तर कोणी हरकत घेत नसे. नांगराची रीत सर्वांची होती, नांगर मात्र ज्याचा त्याचा. मुक्त यंत्राचेही तेच.

अशा पेटीची घडण करायची झाली तर काय पाहावे? आपल्या मुलांना हा धडा म्हणून देण्याजोगा आहे, म्हणून सांगतो. एक, ती साध्या पेचकसाने उघडावी आणि पुन्हा मिटावी. दुसरे, लवकर झिजणारे भाग, म्हणजे बॅटरी, बटणे आणि कानात घालायच्या तारेची खाच, एकेकटे बदलता यावेत. तिसरे, बॅटरी बाजारात मिळणाऱ्या मापाची असावी. चौथे, नकाशा आणि आज्ञावली वाचायला मिळावी. आणि पाचवे, गाणी वेगळ्या कार्डावर, खुल्या पद्धतीत साठवावीत, म्हणजे पेटी मेली तरी गाणे मरत नाही. आमच्या शाळेच्या प्लेअरमध्ये या पाचांपैकी एकही गोष्ट नव्हती. घेताना आम्ही विचारले नाही, हा दोष आमचाही आहेच.

आता कायदाही जागा होत आहे. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने ज्या क्षेत्रांचा विचार पुढे आणला त्यांत मोबाईल आणि घरगुती उपकरणे आहेत, मोटारी आहेत आणि शेतीची अवजारेही आहेत. तेव्हा हा प्रश्न केवळ गाण्याचा नाही, तुमच्या ट्रॅक्टरचाही आहे. युरोपात तर २०२७ पासून लहान उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे असा नियम झाला आहे.

पण कायद्याची वाट पाहत बसायला नको. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या शाळेत एखादा बंद पडलेला ट्रान्झिस्टर नक्की असेल. एका शनिवारी तो मुलांपुढे उघडा. सेल काढून ठेवा, वीज जोडलेली नाही याची खात्री करा, आणि आत काय आहे ते त्यांना त्यांच्या हातांनी पाहू द्या. फुगलेल्या बॅटरीला मात्र हात लावू देऊ नका, तिला टोचल्यास ती पेट घेते. आणि शेतकरी मंडळींनो, पुढच्या वेळी दुकानात गेलात की वस्तू उलटी करा आणि दुकानदाराला विचारा, "हे उघडते का?" दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर अकराव्याच्या आधी दुकानदार स्वतःच कंपनीला विचारील.

आमच्या उरलेल्या आठ कॅसेटींच्या आता तीन तीन नकला झाल्या आहेत. एक शाळेत, एक ग्रामपंचायतीत, एक माझ्या घरी. आठव्या कॅसेटवर ओवी म्हणता म्हणता एक म्हातारी मध्येच थांबते आणि गुरुजींना विचारते, "ह्यात बसलं का रं माझं गाणं?" तिची पणती आज आमच्या सातवीत आहे. परवा तिने ते ऐकले आणि पुन्हा लावायला सांगितले.

दुसरी एक मुलगी मात्र रोज विचारते, "गुरुजी, माझ्या आज्जीचं लावा की." तिच्या आजीचे गाणे त्या तीन कॅसेटींवर होते. तो प्लेअर मी टाकलेला नाही. कपाटापासून दूर, पत्र्याच्या डब्यात वाळूवर ठेवला आहे. आमचा एक जुना विद्यार्थी अभियांत्रिकी शिकतो आहे. दिवाळीच्या सुट्टीत येऊन तो बॅटरी सांभाळून काढणार आहे आणि आतली पाटी बोलते का ते पाहणार आहे. बोलेल की नाही, सांगता येत नाही. चार स्क्रू असते तर एवढे करावे लागले नसते.